तैलचित्राला व्हार्निश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हार्निशबद्दलचे प्रश्न वर्षभर येत राहतात. पावसाळा सुरू झाला किंवा प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की ते जास्तच येतात. नेहमीचे प्रश्न इथे क्रमाने घेतले आहेत: आधी मूलभूत, मग अवघड. बहुतेक उत्तरांमागे माझी एकच कसोटी आहे. आज लावलेलं व्हार्निश पन्नास वर्षांनी, खालच्या रंगाला धक्का न लावता, काढता येईल का? येत नसेल तर ते कितीही सुंदर दिसो, मी ते लावायला सांगणार नाही.

१. व्हार्निश लावायलाच हवं का? नाही लावलं तर चित्र खराब होतं का?

सक्ती नाही. मोने, पिसारो यांच्यासारख्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना रंगाचा कोरडा, उजळ पृष्ठभागच हवा असायचा, म्हणून ते व्हार्निश टाळत. पुढे पिकासो आणि ब्राक यांनीही क्युबिस्ट काळातल्या चित्रांबाबत तोच आग्रह धरला. तुमच्या चित्राचा जीव त्या कोरडेपणात असेल, तर व्हार्निश लावू नका.

पण आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर आणा. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, रस्त्यावरची धूळ हे सगळं भिंतीवरच्या चित्रावर बसतं. तैलरंगाचा थर वाळल्यावरही बरीच वर्षं किंचित मऊ राहतो आणि ही काजळी त्यात रुतते. व्हार्निश असेल तर मळ त्या थरावर बसतो आणि पुढे त्या थरासकट निघतो. दुसरा फायदा दिसण्याचा: गडद रंगांना खोली येते आणि सगळ्या पृष्ठभागाची चमक एकसारखी होते.

संरक्षण म्हणजे काय, हे रेम्ब्रांच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्राच्या बाबतीत दिसलं. एप्रिल १९९० मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका माणसाने त्यावर ॲसिड फवारलं. पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं. ॲसिड व्हार्निशच्या थरातच अडलं, रंगापर्यंत पोहोचलं नाही. गंमत अशी की या चित्राला ‘रात्रीचा पहारा’ हे नाव पडलं तेही व्हार्निशमुळेच. जुनं व्हार्निश काळवंडल्याने दिवसाचा प्रसंग रात्रीचा वाटू लागला होता. व्हार्निशची ताकद आणि त्याचा दोष, दोन्ही एकाच कॅनव्हासवर पाहायला मिळतात.

२. फायनल व्हार्निश आणि रिटच व्हार्निश यांत फरक काय?

रिटच व्हार्निश म्हणजे खूप पातळ केलेलं व्हार्निश. रंग हाताला कोरडा लागू लागला की ते लावता येतं. थर इतका विरळ असतो की खालच्या रंगाला हवा मिळत राहते आणि त्यावर पुन्हा रंगकामही करता येतं. फायनल व्हार्निश, ज्याला बाटलीवर बहुधा पिक्चर व्हार्निश म्हटलेलं असतं, ते चित्र आतपर्यंत वाळल्यावर लावायचं. त्यावर मग रंग लावायचा नाही. रिटच हा तात्पुरता उपाय आहे. त्याचेच चार थर दिले की फायनल होतं, ही समजूत चुकीची आहे.

३. चित्र पूर्ण झाल्यावर नेमके किती दिवस थांबायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त घाईही इथेच होते.

जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट पापुद्रा तयार होतो. ही क्रिया वरून खाली सरकते. म्हणून वरचा थर आठवड्यात कोरडा लागतो, पण आतला रंग महिनोन्महिने ओला असू शकतो. अशा वेळी फायनल व्हार्निश लावलं तर हवेची वाट अडते, ओला रंग आणि व्हार्निश एकमेकांत मिसळतात, आणि पुढे व्हार्निश काढताना रंगही निघतो. भेगा पडण्याचा धोका वेगळाच.

जुना नियम असा: पातळ चित्राला ६ महिने, जाड रंगाच्या चित्राला १२ महिने. डॅमरसारख्या पारंपरिक व्हार्निशला मी आजही हाच नियम लावते. काही नव्या कृत्रिम राळांच्या व्हार्निशबद्दल (प्रश्न ५ पाहा) उत्पादक म्हणतात की चित्रातला सर्वांत जाड भाग आतून घट्ट झाला की पुरे. तो घट्ट झालाय का, हे असं पाहा: सर्वांत जाड फटकाऱ्यावर, शक्यतो कडेला, अंगठ्याचं नख हलकेच दाबा. खूण उठली किंवा खालून मऊ लागलं तर थांबा.

रंगागणिक वेळ बदलतो. अंबर आणि इतर मातीचे रंग लवकर वाळतात. अलिझरिन क्रिमसन, आयव्हरी ब्लॅक, कॅडमियमचे लाल-पिवळे उशिरा वाळतात. करडई किंवा खसखशीच्या तेलात घोटलेले पांढरे रंगही हळू वाळतात. अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं माध्यम) वापरलं असेल तर काम लवकर होतं. कपाटात किंवा गादीमागे बंद करून ठेवलेलं चित्र नीट वाळत नाही. त्याला उजेड आणि खेळती हवा हवी.

४. पुढच्या महिन्यात मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन आहे आणि रंग अजून नवीन आहे. काय करू?

चित्र व्हार्निशशिवाय लावा. कुणीही त्यासाठी चित्र नाकारत नाही. रंग हाताला कोरडा असेल आणि काही भाग फारच निस्तेज दिसत असेल, तर रिटच व्हार्निशचा एक विरळ हात द्या. चित्र विकलं गेलं तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की फायनल व्हार्निश अमुक महिन्यात लावायचं आहे, आणि ते मी येऊन लावून देईन. मुंबई-पुण्यात हे सहज जमतं. अशा सांगण्यामुळे गिऱ्हाईक बिचकत नाही, उलट चित्रकार आपल्या कामाची जबाबदारी घेतो आहे हे त्याला दिसतं. दूरच्या गिऱ्हाइकासाठी प्रश्न १९ पाहा.

५. डॅमर, मॅस्टिक, ॲक्रिलिक, गॅमवार… यांतलं कुठलं घ्यायचं?

डॅमर ही आग्नेय आशियातल्या झाडांची राळ, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली. मॅस्टिक ग्रीसच्या किऑस बेटावरून येतं. दोन्ही लावल्यावर अप्रतिम दिसतात. डॅमरची ओलसर, खोल चमक पाहिली की हात तिकडेच वळतो, हे मला कळतं. पण दोन्ही काळाबरोबर पिवळी पडतात, ठिसूळ होतात, आणि मुख्य म्हणजे जुनी झाल्यावर साध्या द्रावकात विरघळेनाशी होतात. मग ती काढायला अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखं कडक द्रावक लागतं, आणि ते रंगालाही खातं. सुरुवातीला सांगितलेल्या कसोटीवर ती इथे मागे पडतात.

कृत्रिम राळांमध्ये तीन-चार घराणी आहेत. कीटोन राळेची व्हार्निशं बरीच वर्षं वापरात आहेत. चमक चांगली, पण तीही काही प्रमाणात पिवळतात आणि ठिसूळ होतात. द्रावकात विरघळवलेली ॲक्रिलिक व्हार्निशं फारशी पिवळत नाहीत आणि खनिज टर्पेंटाइनने निघतात, मात्र त्यांची चमक थोडी प्लास्टिकसारखी वाटू शकते. तिसरं घराणं कमी रेणुभाराच्या हायड्रोकार्बन राळेचं, म्हणजे रेगलरेझ. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये रेने द ला री यांनी अशा राळांवर काम केलं आणि त्यातूनच पुढे गॅमवार बाजारात आलं. ते डॅमरच्या जवळ जाणारी खोली देतं, आणि जुनं झाल्यावरही सौम्य द्रावकाने निघण्यासाठीच बनवलेलं आहे.

माझं मत: गॅमवार किंवा त्याच जातीचं काही मिळत असेल तर ते घ्या. ते महाग वाटलं किंवा मिळालं नाही, तर चित्रकारांसाठी बनवलेलं, लेबलवर ‘रिमूव्हेबल’ असं स्पष्ट लिहिलेलं आणि खनिज टर्पेंटाइनने निघणारं ॲक्रिलिक व्हार्निश घ्या. नुसतं ‘पिक्चर व्हार्निश’ एवढंच लिहिलेलं असेल तर आत कुठली राळ आहे ते पाहा. ते लिहिलेलं नसेल तर दुसरी बाटली बघा.

६. पूजेच्या दुकानात राळ मिळते. ती टर्पेंटाइनमध्ये विरघळवून घरीच डॅमर करता येईल का?

नको. धुपासाठी विकली जाणारी राळ साल वृक्षाची किंवा आणखी कशाची असू शकते, त्यात पाइनची रोझिन मिसळलेली असू शकते, आणि शुद्धतेची खात्री कुणीच देत नाही. रोझिन तर फारच लवकर पिवळी आणि ठिसूळ होते. घरीच करायचं असेल तर चित्रकारांच्या सामानाच्या दुकानातले डॅमरचे खडे घ्या.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवा. रंगाच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ मागितलं की बहुधा खनिज टर्पेंटाइन मिळतं, ज्याला दुकानदार एमटीओ म्हणतो. ते पेट्रोलियमपासून बनतं. डॅमर त्यात पूर्ण विरघळत नाही, द्रावण गढूळ राहतं. त्याला पाइनच्या झाडापासून काढलेलं खरं, डिस्टिल्ड टर्पेंटाइनच लागतं. हाच फरक व्हार्निश पातळ करतानाही पाळायचा: ज्या बाटलीवर जे द्रावक लिहिलं आहे तेच.

७. फर्निचरचं क्लिअर व्हार्निश खूपच स्वस्त पडतं. ते चालेल?

नाही. पॉलियुरेथेन आणि लाकडाची इतर क्लिअर व्हार्निशं झिजू नयेत, कशानेही निघू नयेत म्हणूनच बनवलेली असतात. ती रंगाला कायमची चिकटतात आणि बरीचशी पिवळीही पडतात. लाखेचं स्पिरिट पॉलिशही नको. एनसी थिनर (लाकडाच्या लॅकरमध्ये घालायचं कडक द्रावक) तर चित्राच्या आसपासही ठेवू नका, त्याने रंग क्षणात सुटतो. पाण्यातलं ॲक्रिलिक व्हार्निशसुद्धा तैलचित्रावर लावू नका. त्याची तेलकट पृष्ठभागावर पकड भरवशाची नसते आणि नंतर ते नीट काढताही येत नाही.

८. ग्लॉस घेऊ की मॅट?

गडद पार्श्वभूमीची व्यक्तिचित्रं, स्थिरचित्रं, जुन्या पद्धतीचं ग्लेझिंग (पातळ, पारदर्शक रंगाचे थर) असेल तर ग्लॉस. मॅट व्हार्निशमध्ये बारीक सिलिका किंवा मेण असतं. ते प्रकाश विखुरतं आणि काळ्या-तपकिरी रंगांवर धुरकट पडदा येतो. उजळ, सपाट रंगांच्या चित्रांना मात्र मॅट शोभतं. मोठ्या खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली चित्र लागणार असेल तर सॅटिन हा मधला मार्ग.

एकाच कंपनीचं आणि एकाच राळेचं ग्लॉस व मॅट मिसळून हवी ती चमक मिळवता येते. मॅटची बाटली दरवेळी नीट ढवळायची, कारण सिलिका तळाशी बसते. थर जास्त हवेत तर आधी ग्लॉस आणि अखेरचा एकच थर मॅट. मॅटवर मॅट दिलं की चित्र पांढुरकं होतं.

९. चित्राचा काही भाग चमकतो आणि काही भाग मेल्यासारखा दिसतो. व्हार्निशने सारखं होईल का?

बहुतेक वेळा होतं. हा रंगाचा ‘बसलेपणा’. खालचा शोषक थर वरच्या रंगातलं तेल पिऊन घेतो आणि तो भाग निस्तेज होतो. अंबर आणि काळ्यात हे विशेष दिसतं.

पण चित्रावर काम चालू असेल तर व्हार्निशकडे धावू नका. तेव्हा ऑइलिंग आउट करतात: जवसाचं तेल आणि द्रावक यांचं पातळ मिश्रण त्या कोरड्या भागावर चोळायचं आणि सुती फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. उरतो तो केवळ ओलावा. त्याने रंग खरा दिसतो आणि पुढचं काम करता येतं. पूर्ण झालेल्या चित्रावर व्हार्निशऐवजी तेलाचा हात देऊ नका. तेल पिवळतं आणि ते कधीच काढता येत नाही.

१०. पावसाळ्यात व्हार्निश लावलं तर काय बिघडतं?

पांढरी झाक येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि व्हार्निशमध्ये अडकतं. कोकण, गोवा आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. त्या दिवसांत मी व्हार्निशला हात लावत नाही. ६० टक्क्यांच्या खालची आर्द्रता असलेला दिवस निवडा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते खोलीत टांगून ठेवा. आपल्याकडे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे उन्हाळ्यातही चालेल, पण भर दुपारी नको. तेव्हा व्हार्निश ब्रशखालीच सुकू लागतं आणि फटकारे दिसतात.

‘एसी लावून खोली कोरडी केली तर?’ असंही विचारतात. हवा कोरडी होईल, पण बंद खोलीत वाफाही साठतील (प्रश्न १६). आणि थंड खोलीतला कॅनव्हास बाहेर दमट हवेत नेला की त्यावर दव धरतं. दोन महिने थांबणं सोपं आहे.

पांढरी झाक आलीच तर घाबरून चोळू नका. चित्र कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. हलकी झाक कधीकधी आपोआप जाते. नाही गेली तर कोरड्या दिवशी व्हार्निश काढून पुन्हा लावावं लागतं.

११. लावण्याआधी चित्र कसं स्वच्छ करू? बटाट्याच्या फोडीने पुसतात असं ऐकलंय.

बटाटा, कांदा, पाव, साबण काहीही नको. बटाट्याचा स्टार्च रंगाच्या खाचांत राहतो आणि आपल्या हवेत त्यावर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. नव्या चित्रावरची धूळ मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने झटकली की पुरे. त्यानंतरही मळ दिसला तर कापसाचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि आधी कडेला फिरवून पाहा. बोळ्यावर रंग आला नाही तरच पुढे जा. रंगाला भेगा असतील, तो उचलला गेला असेल, तर पाण्याचा थेंबही लावू नका.

१२. प्रत्यक्ष लावायचं कसं? प्रत्येक वेळी फटकारे दिसतात.

तयारीत निम्मं काम आहे. आदल्या दिवशी खोली ओल्या फडक्याने पुसा. पंखा बंद, लोकरीचे कपडे नकोत. व्हार्निश आणि चित्र दोन्ही किमान दिवसभर त्याच खोलीत ठेवा म्हणजे तापमान एकच राहील. चित्र टेबलावर आडवं ठेवा, आणि खिडकीचा उजेड समोरून तिरका येईल असं बसा. त्या तिरक्या उजेडातच सुटलेली जागा दिसते.

ब्रश दोन-तीन इंची, सपाट, मऊ आणि केवळ व्हार्निशसाठी राखलेला. रंगकामाचा ब्रश कितीही धुतला तरी नको. व्हार्निश बाटलीतून थेट चित्रावर ओतू नका. उथळ काचेच्या भांड्यात थोडंच घ्या आणि ब्रशचं फक्त टोक बुडवा. एका वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, हातभर पट्टा आडवा लावा, मग त्याच पट्ट्यावर उभा हात फिरवा, आणि पुढच्या पट्ट्याला आधीच्या ओल्या कडेपासून सुरुवात करा. थर इतका पातळ हवा की कमी पडतंय असं वाटावं. जाड थरच ओघळतात, पिवळतात, धूळ धरतात.

पुष्कळांचं चित्र बिघडतं ते शेवटी. पट्टा चिकट होऊ लागला की मागे वळायचं नाही. सुटलेली जागा दिसली, केस पडला, तरी त्या वेळी सोडून द्या. अर्धवट सुकलेल्या व्हार्निशवर फिरवलेला ब्रश हमखास माग ठेवतो. हा थर पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या पातळ हाताने ती जागा भरते. गॅमवारसारखी काही व्हार्निशं मात्र सेट होईपर्यंत काही मिनिटं ब्रशने पसरवत राहायची असतात. तिथे बाटलीवरची सूचना माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ.

झाल्यावर चित्रावर चार डब्यांच्या आधाराने पुठ्ठ्याचं छप्पर करा, हवा जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आडवंच राहू द्या. मग कॅनव्हासच्या मागे, लाकडी चौकटीवर, पेन्सिलीने व्हार्निशचं नाव, ते कोणत्या द्रावकाने निघतं ते आणि तारीख लिहा. कॅनव्हासवर नको, चौकटीवरच. पुढे ज्याच्या हाती हे चित्र साफसफाईला जाईल त्याचं अर्ध कोडं तिथेच सुटतं. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे फार थोडे चित्रकार करतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

१३. ब्रशपेक्षा स्प्रे सोपा नाही का?

जाड, खडबडीत रंगाच्या चित्रांना स्प्रे चांगला, कारण ब्रशने खाचांत व्हार्निशची तळी साचतात. मॅट व्हार्निशही स्प्रेने जास्त एकसारखं बसतं. डबा २५ ते ३० सेंटिमीटर लांब धरा, फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा, एक थर आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. पण स्प्रेत वाफा जास्त उडतात. तो गच्चीत किंवा उघड्या व्हरांड्यातच करावा, वारा नसलेल्या सकाळी.

१४. व्हार्निश लावताच ते थेंब-थेंब होऊन आक्रसतंय. असं का?

पृष्ठभाग फार तेलकट किंवा फार गुळगुळीत आहे. मीडियममध्ये तेलाचं प्रमाण जास्त झालं की असं होतं. बोटांचे डागही कारण असू शकतात. ताबडतोब थांबा, ओलं व्हार्निश मऊ, न विणलेल्या फडक्याने टिपून घ्या आणि चित्र काही आठवडे आणखी वाळू द्या. पुढच्या वेळी लावण्याआधी खनिज टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेलं फडकं एकदा हलकेच फिरवा, अर्थात कोपऱ्यात चाचणी करूनच.

१५. व्हार्निश लावताना ब्रशवर लाल रंग आला!

थांबा. दोन शक्यता आहेत. एक, रंग अजून वाळलेलाच नाही (प्रश्न ३). दुसरी जास्त त्रासदायक: रंगकामाच्या मीडियममध्येच डॅमर मिसळलेलं होतं. असा रंग कितीही वर्षांनी द्रावकाला संवेदनशील राहतो, आणि अलिझरिनचे पातळ ग्लेझ आधी सुटतात. अशा चित्राला ब्रश लावूच नका. सौम्य द्रावकातलं व्हार्निश स्प्रेने, अगदी विरळ थरांत द्या. आणि चौकटीवर तसं लिहून ठेवा, कारण हे व्हार्निश पुढे काढताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. यापुढे मीडियममध्ये डॅमर घालणं बंद केलंत तर उत्तम.

१६. वन-रूम-किचनमध्ये काम करते, घरात लहान मूल आहे. काय काळजी घेऊ?

मूल, गरोदर बाई आणि दम्याचा रुग्ण यांनी त्या दिवशी घरात नसावं. हे शक्य नसेल तर व्हार्निशचं काम गच्चीत किंवा ओळखीच्या स्टुडिओत करा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती बंद. टर्पेंटाइनच्या वाफा साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याच्या पुढे जातो. नायट्राइलचे हातमोजे घाला. धुळीचा एन९५ मास्क वाफा अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. वास नसलेलं द्रावक म्हणजे निर्धोक द्रावक नव्हे. डोकं जड झालं तर लगेच बाहेर जा. उरलेलं द्रावक मोरीत ओतू नका, पाण्याच्या बाटलीत भरून तर कधीच ठेवू नका.

१७. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेटतं, हे खरं आहे का?

खरं आहे. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत साठते आणि कापड पेटू शकतं. फडकी घराबाहेर पसरून एकेरी वाळवा, किंवा पाण्याने भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

१८. बाटलीवर ‘यूव्ही संरक्षण’ लिहिलंय. मग चित्र उन्हात लावलं तर चालेल?

नाही. यातली बरीचशी रसायनं मुख्यतः व्हार्निशलाच पिवळं पडण्यापासून वाचवतात. इतक्या पातळ थराने खालच्या रंगांना मिळणारं संरक्षण मर्यादित असतं. अलिझरिनसारखा रंग थेट उन्हात फिका पडणारच. जागा बदला.

१९. चित्र अमेरिकेत मुलीकडे पाठवायचंय. व्हार्निश लावून पाठवू की तसंच?

वर्ष झालं नसेल तर तसंच पाठवा. गॅमवार तिथे सहज मिळतं, तिला प्रश्न १२ वाचायला द्या. व्हार्निशची बाटली सामानात घालू नका. ज्वलनशील द्रव विमानात नेऊ देत नाहीत. व्हार्निश लावलेलं चित्र पाठवायचं असेल तर किमान महिनाभर वाळू द्या, आणि बबल रॅप चित्राला थेट लागू देऊ नका. उष्णतेने त्याच्या गोल खुणा व्हार्निशमध्ये कायमच्या उमटतात. मध्ये सिलिकॉनचा रिलीज पेपर घाला. गुंडाळून पाठवणं भागच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळा.

२०. व्हार्निश लावलं तरी मागून बुरशी आली. असं कसं?

व्हार्निश फक्त पुढची बाजू झाकतं. दमट भिंतीतला ओलावा मागच्या उघड्या कापडातून येतो. मागे व्हार्निश फासणं हा उपाय नव्हे, त्याने कापड ताठर होतं. चौकटीच्या मागे पातळ बॅकिंग बोर्ड लावा, खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरून चित्र काढून आतल्या भिंतीवर लावा.

२१. जुनं व्हार्निश पिवळं पडलंय. मी स्वतः काढू का?

चित्र तुमचंच असेल, व्हार्निश कोणतं ते माहीत असेल आणि ते खनिज टर्पेंटाइनने निघणारं असेल, तर काढता येईल. कापसाचा छोटा बोळा ओलसर करा, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर फिरवा, घासू नका. बोळा पिवळा झाला की टाकून नवा घ्या. त्यावर चित्रातला रंग दिसला की काम तिथेच बंद.

बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे चित्र दुसऱ्याचं असेल, जुनं असेल, व्हार्निश अनोळखी असेल, तर उत्तर नाही असंच आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, आणि वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या देशात काही ठिकाणी प्रयोगशाळा आहेत. तिथे विचारा. इंटरनेटवर एका फटक्यात पिवळेपणा पुसून टाकणारे व्हिडिओ दिसतात. त्यात वापरलेलं द्रावक तुमच्या चित्रावर काय करेल हे त्या व्हिडिओतून कळत नाही.

२२. पणजोबांच्या वेळचं रविवर्म्याचं चित्र घरात आहे. निस्तेज झालंय, व्हार्निशचा एक हात देऊ का?

आधी ते तैलचित्र आहे का ते पाहा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून देवदेवतांची हजारो चित्रं घराघरांत पोहोचली. ती ओलिओग्राफ, म्हणजे दगडी छपाईने कागदावर छापून वर व्हार्निश दिलेली चित्रं, मुद्दाम तैलचित्रासारखी दिसावीत म्हणून. भिंग घेऊन चेहऱ्याचा भाग पाहा. छपाईचे बारीक ठिपके दिसले, किंवा खालच्या कडेला छापखान्याचं नाव दिसलं, तर तुमच्याकडे ओलिओग्राफ आहे.

त्याला नवं व्हार्निश बिलकूल लावू नका. जुन्या व्हार्निशला भेगा असतील तर नवं त्या भेगांतून कागदात मुरेल आणि कायमचे डाग पडतील. जरी-टिकल्यांनी सजवलेलं असेल तर कापड आणि डिंकही बिघडेल. काच फुटली असेल तर बदलून घ्या, पण नवी काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये पट्टी ठेवा. मागचा जुना लाकडी फळीचा आधार कागद तपकिरी करत असतो. तो काढायचा असेल तर कागदाच्या संवर्धकाकडूनच काढून घ्या, कारण कागद फळीला चिकटलेला असू शकतो. तोवर ते देवघरातल्या धुरापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या कोरड्या भिंतीवर ठेवा.